टाळेबंदीची जमेची बाजू

कामगार चळवळीत ज्यांची हयात गेली, त्यांच्या कानाला ‘टाळेबंदी’ हा शब्द मुळीच नवा नव्हता. मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप ठोकावे आणि कामगाराला उपासमारीच्या धाकाने नमवू पाहावे, या कृतीला आपण पिढ्यान्‌पिढ्या हे नाव देत आलो. मार्च २०२० मध्ये हाच शब्द साऱ्या देशाला लावला गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यान्वये सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवा चालविणाऱ्या मालकालाही टाळेबंदीपूर्वी निदान चौदा दिवसांची सूचना द्यावी लागे. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता सारा देश बंद झाला. मालकाला चौदा दिवसांचे बंधन होते. सरकारला चार तास पुरेसे वाटले.

या घटनेला पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या अवधीत टाळेबंदीच्या आठवणींचे दोन प्रवाह आपल्या समाजात निर्माण झालेले दिसतात. एका प्रवाहातील मंडळी त्या दिवसांविषयी हळवेपणाने बोलतात. हवा स्वच्छ झाली होती, जालंदरहून धौलाधारची हिमाच्छादित शिखरे दिसू लागली होती, नवी मुंबईच्या पाणथळीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते, मुलाबाळांत बसून दोन घास निवांतपणे खाता आले होते, असे ते सांगतात. दुसऱ्या प्रवाहाला ही भाषा क्रूर वाटते. कारण त्याच दिवसांत लाखो श्रमिक डोक्यावर संसार घेऊन महामार्गांवरून चालत होते. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले, थकून रुळांवर झोपलेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. ज्या देशाला त्यांना घरी पोहोचविण्यासाठी १ मे पर्यंत एक आगगाडी सोडता आली नाही, त्या देशाने बाल्कनीतील पक्ष्यांच्या कूजनाचे कौतुक करावे काय, हा प्रश्न रास्तच आहे.

समाजवादी कार्यकर्त्याचे मन स्वाभाविकपणे दुसऱ्या प्रवाहाकडे ओढ घेते, आणि ते तसेच असले पाहिजे. परंतु हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. खर्चाची बाजू प्रामाणिकपणे लिहून झाल्यावर जमेची बाजू कोरी ठेवणे हाही एक प्रकारचा खोटा हिशेबच होय. टाळेबंदीच्या काळात सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनात काही गोष्टी अशा घडल्या की ज्यांची कोणी अपेक्षा केली नव्हती. त्या सरकारी फतव्यामुळे घडल्या नाहीत. कित्येकदा फतव्याने निर्माण केलेल्या संकटाला लोकांनी दिलेले ते उत्तर होते. त्यांची नोंद घेतली नाही, तर ते श्रेय एकतर सत्ताधारी घेतील किंवा विस्मृती ते गिळून टाकील.

जमेची पहिली नोंद घराच्या उंबरठ्याच्या आत आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पिगू यांचे एक जुने उदाहरण शिकविले जाते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. कारण काम तेच राहते, पण त्याचे वेतन थांबते आणि राष्ट्रीय हिशेबातून ते काम नाहीसे होते. वर्गात या उदाहरणावर हशा पिकतो आणि पुढचा धडा सुरू होतो. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत हे उदाहरण साऱ्या देशाने जगून पाहिले. त्या तिमाहीत आदल्या वर्षीच्या तुलनेत देशाचे एकूण उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला सरकारी अंदाज प्रसिद्ध झाला. याच तीन महिन्यांत घराघरांतील काम मात्र वाढले होते. मुले घरी, पुरुष घरी, वृद्ध घरी. स्वयंपाक दोनदा होता तो चारदा झाला, धुणे वाढले, आजाऱ्यांची देखभाल वाढली. राष्ट्रीय उत्पन्न कोसळल्याची वार्ता ज्या बैठकीच्या खोलीत ऐकली जात होती, तिच्या शेजारच्या स्वयंपाकघरात उत्पादन दुपटीने चालू होते, आणि कोणत्याही तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

परंतु पुरुष प्रथमच दिवसभर घरात होता, आणि म्हणून हे काम त्याच्या डोळ्यांसमोर होते. मध्यमवर्गीय घरांत मोलकरणीचे येणे थांबले, तेव्हा अनेक सुशिक्षित पुरुषांनी आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली. कणीक किती सैल असावी, डाळीला किती पाणी लागते, हे त्यांना पन्नाशीनंतर कळले. आमच्या वसाहतीत निवृत्त अधिकाऱ्यांनी पाळ्या लावून जिने झाडले. यात थट्टेचा विषय पुष्कळ आहे. पण ज्ञानाचा एक प्रकार असा आहे, की जो कंबर दुखल्यावाचून प्राप्त होत नाही. जिला आपण महिन्याकाठी थोडके पैसे देऊन चार सुट्ट्यांचा हिशेब विचारत होतो, तिच्या श्रमाचे मोल त्या दिवसांत अनेकांना कळले. काही कुटुंबांनी काम बंद असतानाही पगार चालू ठेवला, ही गोष्टही नोंदली पाहिजे. आणि पुष्कळांनी तो बंद केला, हीदेखील.

हे भान टिकले काय? याचे उत्तर सरकारी आकडेवारीतच मिळते. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार दर १०० स्त्रियांपैकी ८१ स्त्रिया आणि दर १०० पुरुषांपैकी अवघे २६ पुरुष घरातील बिनमोल कामांत भाग घेत होते. भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. महामारी येऊन गेल्यावर २०२४ मध्ये अशीच पाहणी झाली. भाग घेणारे पुरुष शंभरात २७ झाले, आणि त्यांचा रोजचा वेळ ८८ मिनिटांवर आला. म्हणजे एवढ्या प्रचंड उलथापालथीने शंभरात एक पुरुष स्वयंपाकघराकडे वळविला आणि जे तेथे होते त्यांनी नऊ मिनिटे आधीच काढता पाय घेतला! हृदयपरिवर्तन आकड्यांत उतरत नाही तोवर त्याला परिवर्तन म्हणता येत नाही, हा धडा यातून घ्यावयाचा आहे. त्याकडे आपण पुढे वळू.

जमेची दुसरी नोंद ‘अत्यावश्यक’ या शब्दाची आहे. बाजारव्यवस्था माणसाचे मोल त्याच्या पगारावरून ठरविते आणि आपणही नकळत तसेच मानू लागतो. महामारीने एक साधी परीक्षा घेतली: कोण थांबले तर समाज थांबतो? भांडवल बाजाराचे दलाल, जाहिरातींचे कल्पक, बड्या कंपन्यांचे सल्लागार घरी बसले आणि समाजाचे फारसे अडले नाही. रोज पहाटे कचरा उचलणारा, दूध आणि भाजी पोहोचविणारा, रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका, एस. टी. आणि बेस्टचा चालक, स्मशानातील कर्मचारी यांच्यावाचून मात्र एक दिवसही निभावला नसता. समाजवादी अभ्यासवर्गांतून आपण श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी जे वर्षानुवर्षे सांगत आलो, ते सरकारच्या परिपत्रकानेच एका यादीच्या रूपाने मान्य केले. ‘अत्यावश्यक सेवा’ ही यादी म्हणजे वेतनश्रेणीचा उलटा धरलेला आरसा होता.

या यादीतील सर्वांत मोलाचे नाव आशा सेविकेचे. महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा गावोगाव, वस्तीवस्तीत फिरून ताप मोजत होत्या, बाहेरून आलेल्यांची नोंद ठेवीत होत्या आणि प्रसंगी गावकऱ्यांचा रोषही सोशीत होत्या. २२ मार्च २०२० रोजी देशाने थाळ्या वाजवून अशांचे आभार मानले. शासनाच्या लेखी मात्र त्या ‘स्वयंसेविका’च राहिल्या; त्यांना वेतन नाही, मानधन आहे. जून २०२१ मध्ये या भगिनींना राज्यव्यापी संप करावा लागला, तेव्हा कोठे मानधनात वाढ पदरात पडली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला. थाळी, संप आणि सन्मान या तीन गोष्टींपैकी चूल कशाने पेटली, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

तिसरी नोंद शेजाराची आहे. धारावीचे उदाहरण सर्वश्रुत असले तरी त्याचा अर्थ नीट लावला गेलेला नाही. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाखांची वस्ती, बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयांचाच आधार. अंतर राखा, हात धुवा हा उपदेश जेथे विनोद ठरावा असे हे ठिकाण. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळला, तेव्हा आता सर्वनाश अटळ आहे असे भाकीत जाणत्यांनी केले होते. तसे झाले नाही. महापालिकेचे कर्मचारी, वस्तीतील खासगी डॉक्टर आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी गल्लोगल्ली तपासणी केली, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली, तेथे जेवण पोहोचविले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा जाहीर उल्लेख केला. ज्या वस्तीकडे मुंबईकर केवळ जमिनीचा भाव म्हणून पाहतात, तिने सार्वजनिक आरोग्ययंत्रणा आणि लोकसहभाग एकत्र आल्यास काय होते ते जगाला दाखविले.

केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांनी १९९८ पासून चालत आलेल्या ‘कुटुंबश्री’च्या महिलांना हाताशी धरून सामुदायिक स्वयंपाकघरे उभी केली. परप्रांतीय मजुराला तेथे ‘अतिथी कामगार’ म्हटले गेले. शब्द बदलला की वागणूक थोडी तरी बदलते. आपल्याकडे २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत काही काळ विनामूल्य झाली. गुरुद्वारांचे लंगर, मशिदींतून निघालेले शिधावाटप, चाळीतील तरुणांनी वर्गणी काढून चालविलेल्या चुली, यांची मोजदाद कोणी केली नाही. २०२० च्या गणेशोत्सवात लालबागच्या मंडळाने मूर्ती न बसविता ‘आरोग्योत्सव’ साजरा केला आणि रक्तदान, रक्तद्रवदान घडवून आणले. आषाढीला संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी उंबरठ्याच्या आत राहून वारी केली. श्रद्धेला विवेकाची जोड देता येते, हे प्रबोधनकारांच्या पिढ्यांनी सांगितले होते. ते महाराष्ट्रातील सामान्य भाविकाने कृतीने सिद्ध केले.

चौथी नोंद कोणाला किरकोळ वाटेल, पण ग्रामीण भागात काम करणाऱ्यांना तिचे महत्त्व उमगेल. लग्नसमारंभास पन्नास माणसांची, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसांची व दोन तासांची मर्यादा घातली गेली. सत्यशोधकांपासून राष्ट्र सेवा दलापर्यंत ज्या साध्या विवाहाचा आग्रह धरला गेला आणि ज्याला ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांनी दरवेळी पराभूत केले, तो विवाह अंगणात, घरच्या वरणभातावर, कर्जावाचून पार पडू लागला. मुलीच्या लग्नासाठी जमिनीचा तुकडा गहाण टाकणाऱ्या बापाला सरकारी आदेशाच्या आडोशाने का होईना, प्रतिष्ठेच्या ओझ्यातून सुटका मिळाली. निर्बंध उठले आणि मांडव पुन्हा पूर्वीपेक्षा मोठे झाले. तरीही, साधे लग्न केले म्हणून त्या दोन वर्षांत कोणाचा संसार मोडला नाही, हा पुरावा आता आपल्या हाती आहे. प्रचारात त्याचा उपयोग न करणे हा करंटेपणा ठरेल.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत मोठी नोंद राज्यसंस्थेची आहे. ‘पैसा नाही’ हे वाक्य गेली तीन दशके प्रत्येक मोर्चाला उत्तर म्हणून ऐकविले जाते. एप्रिल २०२० मध्ये सरकारी कोठारांत तांदूळ आणि गहू आवश्यक साठ्याच्या दुपटीहून अधिक होता. शेतकऱ्याने पिकविलेले आणि करदात्याने विकत घेतलेले ते धान्य सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी पाच किलो या प्रमाणात विनामूल्य देता आले. ज्यांनी रेशनव्यवस्था मोडीत काढून रोख पैसे वाटावेत असा सल्ला वर्षानुवर्षे दिला, त्यांनाही संकटात आधार मिळाला तो याच जुन्या, गळक्या, पण गावोगाव पोहोचलेल्या दुकानांचा. रोजगार हमीचेही तसेच. २०२०-२१ साठी तिच्याकरिता ६१,५०० कोटी रुपयांची तरतूद होती. मे २०२० मध्ये आणखी ४०,००० कोटी जाहीर करावे लागले. त्या एका वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम निघाले. आदल्या वर्षी ते सुमारे २६५ कोटी होते. शहराने हाकलून दिलेल्या माणसाच्या हातात गावाने कुदळ दिली, ती या कायद्याच्या जोरावर.

हा कायदा कोठून आला, याचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो शेतमजूर आणि कोरडवाहू शेतकरी खडी फोडण्यास रस्त्यावर उतरले. दुष्काळी कामे ही सरकारची कृपा नसून कामाचा हक्क आहे, ही मागणी डाव्या आणि समाजवादी चळवळींनी लावून धरली, वि. स. पागे यांनी योजनेला आकार दिला. १९७७ मध्ये राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. दुष्काळ ओसरला, पण मागे एक संस्था ठेवून गेला. अठ्ठेचाळीस वर्षांनंतरच्या एका वेगळ्याच संकटात ती उपयोगी पडली. असेच दुसरे उदाहरण गिरणगावातील खानावळवाल्या भगिनींचे. १९७० च्या दशकातील गिरणी संपात त्यांनी उधारीवर कामगारांना जेवू घातले आणि स्वतः सावकाराच्या पाशात अडकल्या. त्या सहृदयतेचे गोडवे गाऊन प्रेमा पुरव थांबल्या नाहीत. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज या भगिनींच्या दारी आणले.

येथे आपल्या विवेचनाचा मूळ मुद्दा येतो. संकटात माणसाचा चांगुलपणा उफाळून येतो, ही गोष्ट खरी आणि आनंदाची आहे. परंतु चांगुलपणा हा पावसाच्या पाण्यासारखा आहे. त्याला बांध घातला नाही तर तो वाहून जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात घसा कोरडाच राहतो. १९७२ च्या पिढीने बांध घातला. आपण २०२० च्या पाण्याचे काय केले? मोलकरणींच्या श्रमाचे मोल कळले, पण २००८ मध्ये स्थापनेचा कायदा झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंद नसलेल्या भगिनींची संख्या अफाट राहिली. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने जाहीर केलेली दीड हजाराची मदत नोंदणीकृतांसाठीच होती. स्थलांतरित मजूर सर्वांना दिसले, पण त्यांची मोजदाद असलेली वही आपल्या बहुतेक वॉर्डांत आजही नाही. सामुदायिक चुली पेटल्या आणि निर्बंध उठताच विझल्या.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की संकटातील जमेच्या बाजूंचा उच्चार करणे म्हणजे संकट लादणाऱ्यांना दोषमुक्त करणे होय. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. त्याला इतिहासाचे उत्तर आहे. १८९७ च्या प्लेगने पुण्यात दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक, त्या वर्षीचा साथरोग कायदा, ज्याने सरकारला जवळजवळ अनिर्बंध अधिकार दिले आणि जो १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. दुसरी, सावित्रीबाई फुले यांचे स्मरण. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगला बळी पडल्या. सावित्रीबाईंच्या सेवेचा गौरव केल्याने त्या कायद्याची दंडेली क्षम्य ठरत नाही; उलट माणसे एकमेकांसाठी काय करू शकतात हे दिसल्यामुळे दंडेलीची अनावश्यकता अधिकच उघड होते. २०२० चे तसेच आहे. धारावीत जे साधले ते दंडुक्याने साधले नाही, आणि महामार्गावर जे घडले ते लोकांना विश्वासात घेतले असते तर टळले असते.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे असे की, टाळेबंदीच्या आठवणी काढण्याचे काम भावुक स्तंभलेखकांवर सोपवू नका. आपापल्या वस्तीत त्या काळी कोणी चूल पेटविली, कोणी शिधा वाटला, कोणी रात्री-अपरात्री रुग्णाला रिक्षातून नेले, त्यांची नावे एका वहीत उतरवा. ही माणसे म्हणजे पुढच्या संकटातील तुमची तयार समिती आहे. घरकाम करणाऱ्या भगिनींची नोंदणी हा या वर्षाचा कार्यक्रम करा. आशा सेविकेला वेतनाचा हक्क मिळावा या मागणीसाठी, तिने ज्यांचा ताप मोजला त्या घरांच्या सह्या गोळा करा. थाळी वाजविणाऱ्या हाताने सही करावयास हरकत नसावी. महापालिका आणि पंचायतीकडे सामुदायिक स्वयंपाकघराची कायम तरतूद मागा. आणि आपल्या घरी, आपल्या शाखेच्या बैठकीत, चहा कोण करतो आणि कप कोण विसळतो याचाही हिशेब एकदा मांडा. शंभरात सत्ताविसांच्या पुढे जाण्याचा आरंभ तेथूनच करावा लागेल.

महामारी पुन्हा येणार नाही याची हमी कोणीही देऊ शकत नाही. दुष्काळ, पूर आणि बेकारी तर दाराशी उभीच आहेत. त्या वेळी लोक चांगले वागतील याची आम्हाला चिंता नाही. ते वागतील, हे त्यांनी दाखवून दिले आहे. त्यांच्या चांगुलपणाला उभे राहण्यासाठी आपण तोवर काय बांधून ठेवले असेल, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच कामाने द्यावयाचे आहे.